शेवटच्या दोन जागा

आमच्या आत्याचा घोटा युरोपमुळे मोडला. युरोपात नव्हे, युरोपमुळे. सहलीला निघणाऱ्यांची जी माहितीसभा होते, तिच्यात कंपनीच्या माणसानं बजावलं होतं की तिकडे रोज आठ-दहा हजार पावलं चालावं लागतं, आत्तापासून सवय करा. आत्या नवे कोरे बूट घालून सांगलीत कृष्णेच्या घाटावर सवय करायला गेली आणि तिसऱ्या पायरीवर सवय संपली. सहा आठवडे प्लास्टर. सहल सव्वीस दिवसांवर.

आतोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आधी डॉक्टरांचा दाखला घेतला, त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि मग बायकोला पाणी विचारलं. नंतर कंपनीला फोन. पलीकडून एक अत्यंत गोड मुलगी म्हणाली, "सो सॉरी सर, मॅमना गेट वेल सून सांगा. तुमचे पंचाहत्तर टक्के कट होतील."

हिशेब असा होता. दोघांची सहल सहा लाख चाळीस हजारांची, वर पाच टक्के जीएसटी बत्तीस हजार. (टीसीएस वेगळा. तो आयकराच्या विवरणपत्रात मागता येतो, म्हणून त्याला तूर्त ओटीवर बसवू.) निघायला पंचेचाळीस दिवसांहून अधिक असतील तर पंचवीस टक्के कपात, तिसापर्यंत पन्नास, पंधरापर्यंत पंचाहत्तर आणि त्यानंतर सगळंच गंगार्पण. म्हणजे चार लाख ऐंशी हजार गेले. शिवाय या कपातीवर पुन्हा पाच टक्के जीएसटी, चोवीस हजार. न झालेल्या सहलीवर कर कसा, असं आतोबांनी विचारलं. तो मात्र खरोखरच आहे. केंद्राच्या ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकानुसार मूळ सेवेला जो दर, तोच ती रद्द करण्याच्या शुल्कालाही. न जाणं हीसुद्धा एक सेवाच, असं सरकार मानतं.

उरले एक लाख अडुसष्ट हजार. ते तरी द्या, म्हणाले आतोबा. मुलगी म्हणाली, "सर, ते क्रेडिट नोटमध्ये येतील. वर्षभरात कुठलीही टूर घ्या ना!" घोटा मोडलेल्या बाईला वर्षभरात कुठेही जायची मुभा!

"पण पंचाहत्तर टक्केच का?" आतोबांनी विचारलं.

"सर, सिस्टिममध्ये तसंच दिसतंय."

"मग जरा सिस्टिमला फोन द्या."

सिस्टिम जेवायला गेली होती.

आता खरी गंमत. या संभाषणानंतर चौथ्या दिवशी, पाय उशीवर ठेवून पडलेल्या आत्याच्या मोबाइलवर त्याच कंपनीचा संदेश आला. तीच सहल, तीच तारीख, तेच बारा दिवस. वर लाल अक्षरांत: त्वरा करा, शेवटच्या दोन जागा! आत्यानं आतोबांना हाक मारली आणि म्हणाली, "अहो, आपल्या जागा विकायला काढल्यात बघा." त्यानंतर दोन दिवसांनी दुसरा संदेश. हाऊसफुल, प्रतिसादाबद्दल आभार.

आत्यानं दोन्ही संदेशांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले. वकिलाकडे न जाता, कायद्याचं पुस्तक न उघडता, एका पायावर असताना त्या बाईनं खटल्यातला निम्मा पुरावा गोळा केला होता. बाकीचा निम्मा लष्कराला बटाटे पुरवणाऱ्या एका ठेकेदारानं आधीच करून ठेवला होता.

त्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण सहलीच्या चकचकीत कॅटलॉगमध्ये ती कधीच छापली जाणार नाही. मौला बक्ष नावाच्या ठेकेदारानं उत्तर प्रदेशातल्या लष्करी मुख्यालयाला बटाटे पुरवायचा करार केला. दुसरा करार कोंबड्या, अंडी आणि मासळीचा. अनामत भरली एकाची दहा हजार, दुसऱ्याची साडेआठ हजार. माल वेळेवर पोचेना, सरकारनं करार मोडले आणि अनामत गिळली. करारात तसं लिहिलंच होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६९मध्ये न्यायालयानं सरकारलाच विचारलं, तुमचं नुकसान किती झालं? तुम्ही बटाटे दुसरीकडून कुठल्या भावानं घेतले, अंडी कुठल्या भावानं, ते दाखवता आलं असतं की. दाखवलं नाही, तर अनामत परत करा. आधार होता १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी तो दर नव्हे, कमाल मर्यादा. तिच्या आत जे वाजवी, तेवढंच मिळायचं. जिथे नुकसान मोजता येतं तिथे मोजून दाखवायचं.

पंचाहत्तर टक्क्यांची ती चौकट म्हणजे कंपनीनं कागदावर उतरवलेली स्वतःची इच्छा आहे. इच्छा धरायला बंदी नाही. पण खाली आपली सही असली म्हणून इच्छेचा कायदा होत नाही.

बटाटे फार जुने वाटत असतील तर भूखंड घ्या. दिल्लीत भिकाजी कामा प्लेसमधला भूखंड कैलाशनाथ असोसिएट्सनं १९८२मध्ये तीन कोटी बारा लाखांची बोली लावून घेतला आणि चौथा हिस्सा, अठ्ठ्याहत्तर लाख, भरला. पुढे बऱ्याच भानगडी झाल्या. दिल्ली विकास प्राधिकरणानं तो व्यवहार रद्द केला, बयाणा जप्त केला आणि तोच भूखंड दुसऱ्याला अकरा कोटी अठ्ठ्याहत्तर लाखांना विकला. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पैसे परत करायला लावले. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की मोडण्यात दोष यांचा नाही आणि तुम्हाला तर फायदाच झाला, मग भरपाई कसली मागता? आता भूखंडाच्या जागी बसमधल्या खिडकीकडच्या दोन खुर्च्या ठेवा. आत्याच्या स्क्रीनशॉटची किंमत कळेल.

कंपनीलाही बाजू असते, तीही ऐकू. चाळीस जणांच्या बसमधून दोघं गळाले म्हणून बसवाला डिझेल कमी घेत नाही. इंटरलाकेनच्या हॉटेलला आगाऊ पैसे गेलेले असतात. विमानाच्या ग्रुप तिकिटांची शेवटची तारीख उलटली की ती तिकिटं कागदच. शेंगेन व्हिसाचे माणशी नव्वद युरो तर कुणीच परत देत नाही, तुम्ही जा, नका जाऊ, घोटा मोडा. आणि ग्राहक म्हणजे काही साधुसंत नव्हे. दोन कंपन्यांत जागा अडवून ठेवायच्या, जिथे आपली मंडळी जमतील तिथे जायचं आणि दुसरीकडे 'घरी अडचण आहे' म्हणून कळवायचं, हा उद्योग करणारी माणसं मला नावानिशी ठाऊक आहेत. एक तर आमच्याच कुटुंबात आहे, म्हणून नाव सांगत नाही. अशांसाठी वाजवी बयाणा कापला तर तक्रार नाही. कायद्याचीही नाही.

तक्रार आहे ती हिशेब न दाखवण्याची. भाजीवालीसुद्धा विचारलं तर सांगते, अमुक भावानं आणली, तमुक वाया गेली. लाखांच्या गोष्टी करणाऱ्या कंपनीला हा प्रश्न विचारला की ती आपल्याकडे अशी बघते, की जणू आपण तिचं वय विचारलं.

इथे आत्तेभावाचा फोन आला. तो इंग्लंडात असतो, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक असतं. दर वेळी राग येतो, या वेळी उपयोग झाला. तिकडे पॅकेज सहलीसाठी वेगळे नियमच आहेत. युरोपीय संघाचा निर्देश २०१५चा, ब्रिटनचे नियम २०१८चे. निघण्याच्या सात दिवस आधीपर्यंत कळवलं तर आपली सहल दुसऱ्याच्या नावावर करता येते. कंपनीनं किंमत आठ टक्क्यांहून जास्त वाढवली तर दंडाशिवाय बाहेर पडता येतं. जिथे जायचं तिथेच मोठी आपत्ती आली तर पूर्ण पैसे परत, चौदा दिवसांत, रोकडे. आणि प्रवाशानं स्वतःच्या कारणानं रद्द केली तरी शुल्क समर्थनीय असावं लागतं. मागितलं तर कंपनीला त्या आकड्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं. जागा पुन्हा विकून काय मिळालं, खर्च किती वाचला, हे सगळं त्यात यायला हवं.

म्हणजे आपल्या बसमधली चाळीस मराठी माणसं ज्या खंडात जाऊन आयफेल टॉवरखाली कांदेपोहे खातात, तिथल्या माणसाला हे हक्क आहेत. फोटो आपण टॉवरचाच काढतो.

बरं, ही सामुदायिक सहलीची कल्पनाच तिकडची. थॉमस कुक नावाच्या गृहस्थानं ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला पाचेकशे माणसं आगगाडीनं नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. सभा होती दारूबंदीची. आजच्या सहलींत दारूबंदी मागे पडली, मंडळी राहिली. त्याच्या नावाची ब्रिटिश कंपनी सप्टेंबर २०१९मध्ये बुडाली तेव्हा परदेशात अडकलेल्या दीड लाखांच्या आसपास ब्रिटिश प्रवाशांना तिथल्या सरकारी यंत्रणेनं विमानं पाठवून घरी आणलं. आपल्याकडे एखादा टूरवाला गाशा गुंडाळतो तेव्हा लोक त्याच्या बंद शटरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात.

आपल्याकडे पॅकेज सहलीचा म्हणून वेगळा कायदा नाही. पण आहे तो काही कमी नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात 'अन्यायकारक करार' नावाची चीज आहे. नुकसानीच्या मानानं भलताच मोठा दंड ठोकणारी अट त्यात बसते, आणि ग्राहकाला कोंडीत पकडणारी गैरवाजवी अटही. एक मेख आहे. 'हा करारच अन्यायकारक आहे' एवढीच तक्रार असेल तर ती जिल्ह्यात चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. सेवेत कसूर आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मांडली तर मात्र पन्नास लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोग पुरतो. आतोबांना हा भेद सांगितला तेव्हा त्यांचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी त्यांना योग्य टेबल दाखवलं होतं.

अटींच्या कागदावर शेवटून दुसरी ओळ होती, सर्व वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात. ही ओळ वाचून सांगली-लातूर-गडचिरोलीची माणसं गप्प बसतात. मुंबईला जायचं, वकील करायचा, लॉजमध्ये राहायचं, त्यापेक्षा गेले ते पैसे गेले. ती ओळ त्यासाठीच असते. नवा कायदा म्हणतो, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. आत्या राहते सांगलीत, म्हणजे कंपनीनं सांगलीला यायचं. फी किती? पाच लाखांपर्यंत काहीच नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये. विमानतळावर एवढ्यात चहा येतो, बिस्किट येत नाही. वकील लागतोच असं नाही. कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षं. अर्ज घरबसल्या ऑनलाइन भरता येतो. तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायद्यात लिहिलंय, त्यावर मात्र विमानाचं तिकीट काढू नका.

त्याच्या आधीची पायरी म्हणजे १९१५. हे साल नव्हे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. मराठीतही बोलता येतं. तिथून तक्रार कंपनीला जाते, आणि कंपनीच्या त्या गोड मुलीच्या वर बसलेलं कुणीतरी पहिल्यांदा फाइल उघडतं. आणि हे सगळं नवं नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली १९७४ला, मुंबई ग्राहक पंचायत त्याच्या पुढच्या वर्षी. पन्नास वर्षं ही मंडळी घसा कोरडा करताहेत की पावती घ्या, अटी वाचा. आपण वाचतो, पण कुठे? स्वित्झर्लंडला पोचल्यावर जेवणात श्रीखंड आहे का, ती ओळ.

विम्याचंही तेच. युरोपच्या व्हिसासाठी तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. तो पॅकेजमध्ये येतो, कागद पिशवीत जातो, पिशवी कपाटात. अनेक पॉलिसींत सहल रद्द झाली तर भरपाईचं कलम असतं, आजारपण-अपघाताला धरून. असेलच असं नाही, पण कपाटातून पिशवी काढायला काय जातं? आणि कुणी केरळ-काश्मीरला देशातल्या विमानानं निघाला असेल तर त्यानं एवढं ध्यानात ठेवावं, की तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यावी लागतात, आणि रद्द शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या वर नेता येत नाही.

काश्मीर म्हटलं की एक गोष्ट, आणि ती सांगताना तिरकेपणा बाजूला ठेवतो. २२ एप्रिल २०२५ला पहलगामला जे घडलं त्यात महाराष्ट्रातली माणसं गेली. त्यानंतरच्या दिवसांत घरोघरी सहली रद्द होत होत्या. तेव्हा विमान कंपन्यांनी श्रीनगरच्या तिकिटांवरचं रद्द शुल्क काही दिवसांपुरतं माफ केलं. चांगलं केलं. त्यातून एक कळलं, की शिलालेखासारखा दाखवला जाणारा तो तक्ता मनात आलं तर एका संध्याकाळीत पुसता येतो.

उलट बाजूही पाहा. कंपनीनं स्वतः सहल रद्द केली तर तिला तो शब्द चालत नाही. मग 'अपरिहार्य कारणास्तव बदल' होतो. पुरेशी मंडळी जमली नाहीत, हेसुद्धा अपरिहार्यच. तुम्ही रद्द केली तर पंचाहत्तर टक्के दंड. तिनं केली तर तुम्हाला क्रेडिट नोट आणि वर कॅप. कोविडच्या काळात किती घरांत अशा नोटा पडून होत्या! विमान तिकिटांपुरतं सर्वोच्च न्यायालयानं १ ऑक्टोबर २०२०ला सांगितलं, की टाळेबंदीत काढलेल्या, टाळेबंदीतल्याच प्रवासाच्या तिकिटांचे पैसे परत करा. बाकीच्यांना क्रेडिट शेल द्यायचं असेल तर ते वापरलं नाही तर अखेर पैसेच द्या. बस, हॉटेल, गाइड यांच्यासाठी असं कुणी सांगितलं नाही, आणि सांगितल्याशिवाय हलायची आपल्याकडे पद्धत नाही.

तर आतोबांनी पत्र लिहिलं. पाटबंधारे खात्याच्या थाटात, संदर्भ क्रमांक घालून, सोबत जोडपत्र अ ते उ. मागणी एकच. दोन जागा रद्द झाल्यामुळे कंपनीचं प्रत्यक्ष किती नुकसान झालं, ते बाबनिहाय, बिलांसह कळवावं. त्या जागा नंतर विकल्या असल्यास ती रक्कम वजा करून कळवावं. पंधरा दिवसांत न कळवल्यास नुकसान झालं नाही असं गृहीत धरू. जोडपत्र इ म्हणजे आत्याचे स्क्रीनशॉट. क्रेडिट नोट साभार परत. एक प्रत १९१५च्या तक्रारीला जोडली.

उत्तर अकराव्या दिवशी आलं. हिशेब नव्हता, एकही बिल नव्हतं. 'आपल्या दीर्घ स्नेहाचा विचार करून, विशेष बाब म्हणून, सद्भावनेनं' कंपनी नव्वद हजार कापून पाच लाख ब्याऐंशी हजार बँकेत जमा करीत होती. स्नेह तीन महिन्यांचा होता. फोनवर जे सिस्टिमला अशक्य होतं ते सद्भावनेला जमलं होतं. आतोबांना सद्भावना नको होती, त्यांना हिशेब हवा होता. व्हिसाचे किती, विम्याचे किती, उरलेले कशाचे, हे विचारणारं स्मरणपत्र क्रमांक एक त्यांनी लिहायलाही घेतलं. आत्या म्हणाली, "अहो, पुरे आता. पैसे आले ना? आधी ती कणीक मळा."

सहल निघून गेली, परत आली. प्लास्टर निघालं. परवा आत्याच्या मोबाइलवर कंपनीचा आणखी एक संदेश आला: आमच्यासोबतचा आपला युरोपप्रवास कसा झाला? कृपया पाचपैकी तारे द्या. सिस्टिममध्ये आत्या जाऊन आलेली दिसत होती.

आत्यानं चष्मा लावला आणि मनापासून भरलं. निवास, पाच तारे. बस, शून्य. टूर मॅनेजर, चार, थोडा चिडका आहे पण कागदपत्रांत पक्का. जेवणाशी आल्यावर ती जरा थांबली, स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि दोन तारे दिले. सहा आठवडे आतोबा स्वयंपाक करत होते.